रोजच्या गाडीत ६०० हॉर्सपावर कशाला? ४०० वर थांबावं की नाही?

ह्यूस्टनचा_डांबरट
गाडी २००१ ची लेक्सस आयएस ३००. आत टोयोटाचंच ३ लिटरचं २जेझेड-जीई, टर्बो नसलेलं, २१५ हॉर्सपावरचं. ते उतरवून जपानहून येणारं ॲरिस्टो सेडानचं २जेझेड-जीटीई, त्याच इंजिनाचं टर्बोवालं रूप, बसवायचं, इथपर्यंत मित्रांचं आणि माझं एकमत आहे. पुढं फाटा फुटतो. मंडळी म्हणतात, एकच मोठा टर्बो लाव, ई८५ वर (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चाल आणि चाकांवर ६०० काढ. माझं मत: ऑफिसला न्यायच्या गाडीला चाकांवर ४०० भरपूर झाले. उरलेले पैसे ब्रेक, रेडिएटर आणि चांगल्या ट्यूनरवर (इंजिनाचा कॉम्प्युटर जुळवणाऱ्यावर) घालावेत. ६०० चा आकडा डायनोच्या (ताकद मोजायचं यंत्र) कागदावर शोभतो, बेल्टवेच्या रिंगरोडवर संध्याकाळी साडेपाचला त्याचं काय लोणचं घालायचं? मारा दगड.

तेलकट_हात
पहिला दगड माझा. ४०० वर थांबलेला माणूस मी अजून पाहिला नाही. सहा महिने मजा वाटते, मग तेच सपक लागायला लागतं आणि पुन्हा सगळं खोललं जातं. मॅनिफोल्ड दुसरा, डाउनपाइप दुसरा, इंजेक्टर (इंधन फवारणारे) दुसरे, ट्यूनरची फी पुन्हा.
आणि जीटीई घेतोयस तर त्याचा मान राख की. बिडाचा ब्लॉक, ८६ बाय ८६ चा बोअर-स्ट्रोक, ८.५ कॉम्प्रेशन, पिस्टनखाली तेलाचे फवारे. कंपनीने यातून सुप्रा स्पोर्ट्स कारमध्ये अमेरिकेसाठी ३२० काढले, तेव्हा हे इंजिन जांभया देत होतं. एकदाच ६०० चं सामान लाव, रोज बूस्ट (टर्बोचा दाब) कमी ठेव, रविवारी वाढव. बटणाचं तर काम आहे!

ह्यूस्टनचा_डांबरट
इंजिन सोसेल याबद्दल वादच नाही. वाद टर्बोच्या आकाराचा आहे, आणि तिथं तुझं बटण चालत नाही. ६०० ची हवा देणारा टर्बो या इंजिनावर ४००० आरपीएमच्या आसपास नीट जागा होतो. बूस्ट कमी केलं म्हणून तो लवकर उठत नाही, टर्बाइन तेवढंच मोठं राहतं. ऑफिसच्या वाटेवर मी ३००० च्या वर जातो कधी? म्हणजे पैसे मोजून ८.५ कॉम्प्रेशनचं मठ्ठ इंजिन चालवायचं. सध्याच्या जीईचं कॉम्प्रेशन १०.५ आहे, गर्दीत तेच जास्त चपळ वाटेल.

रांगडा_कोल्हापूरकर
तुमचं चालू द्या, पण दोघंही येडी आहात असं नम्रपणे नोंदवतो. आमच्याकडं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगून टाकलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर बदलामागं ५००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आली. नुसता सायलेन्सर बदलला तरी त्यावर रोडरोलर फिरवतात आणि पेपरात फोटो छापतात. तुम्हाला एवढी मोकळीक आहे, तर सरळ नवी सुप्रा घ्या ना भावा. २०२१ पासून ३८२ हॉर्सपावर, वॉरंटीसकट. टर्बो कमी आरपीएमलाच जागा होतो, एसी गार, आणि शनिवार-रविवार बायकोपोरांना.

तेलकट_हात
कोल्हापूरकर, त्या सुप्रात इंजिन बीएमडब्ल्यूचं आहे. आणि वॉरंटीच हवी असती तर डांबरटरावांनी हा धागा कशाला काढला असता?

इंजेक्टरवाली
इंजिन कॅलिब्रेशन हेच पोटापाण्याचं काम असल्याने थोडं गणित मांडते. चूभूद्याघ्या.
चाकांवर ६०० म्हणजे क्रँकवर (इंजिनातून निघताना) साधारण ७०० धरा. टर्बो इंजिन पेट्रोलवर दर हॉर्सपावरमागे तासाला अंदाजे ०.६ पाउंड इंधन खातं. म्हणजे ४२० पाउंड, सहा इंजेक्टरांत वाटून प्रत्येकी ७०. इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नसतो, म्हणून ८२ चा हवा. मिनिटाला सुमारे ८६५ सीसी. ई८५ ला वर आणखी तीसेक टक्के लागतं, म्हणजे ११५० सीसी आणि बहुतेक टाकीत दोन पंप. ४०० साठी हेच गणित पेट्रोलवर ६०० सीसीच्या आतबाहेर सुटतं आणि एक पंप पुरतो. टेक्सासात पंपावर ९३ ऑक्टेन मिळतं, त्यावर ४०० निवांत निघतील.
दुसरं, ई८५ नावात ८५ असलं तरी अमेरिकेत पंपावरच्या ई८५ मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. फ्लेक्स-फ्युएल सेन्सर (इथेनॉलचं प्रमाण मोजणारा) नसेल तर मागच्या आठवड्याचा मॅप (इंधन-ठिणगीचं कोष्टक) या आठवड्याच्या टाकीला चुकीचा. इथेनॉल कमी आलं की मिश्रण रिच (इंधन जास्त) होतं, इग्निशनचा ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी) मात्र इथेनॉलच्या भरवशावर ठेवलेला, आणि नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) तिथंच सुरू होतं. पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात त्या अशा. त्यामुळे तेलकट, ‘बटणाचं काम’ हे मला पटलं नाही. मात्र मोठे इंजेक्टर आधीच बसवून ठेवायला हरकत नाही. हल्लीचे १००० सीसीचेही आयडलला शहाण्यासारखे वागतात.

गिअरबॉक्स_काका
सगळे इंजिनावरच बोलताय. गाडी २००१ ची म्हणजे ऑटोमॅटिकच असणार. या मॉडेलला अमेरिकेत मॅन्युअल २००२ पासून आला. म्हणजे पेडल, क्लचचा मास्टर सिलिंडर, प्रॉपेलर शाफ्ट, सगळं नव्यानं. आणि २००२ च्या गाडीतला तो डब्ल्यू५५ गिअरबॉक्स आणून बसवू नका, ४०० चा टॉर्क त्याला पेलवत नाही. बरेच लोक निसान ३५०झेडचा सीडी००९ अडॅप्टर प्लेट लावून घेतात. मजबूत आहे, पण शिफ्टर कुठं येतो ते आधी मोजा, गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा बोगदा कापावा लागू शकतो.
६०० ला ट्विन-डिस्क क्लच आला. गाडी उभी असताना तो खडखडतो, शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून विचारतो, काही तुटलं का. डांबरटरावांशी सहमत, पण ४०० म्हणजे स्वस्तात काम असं कुणी समजू नये. बिल इंजिनाच्या आकड्यावर कमी आणि त्याच्या मागच्या लोखंडावर जास्त होतं.

निळा_धूर
कागदपत्रांचं कुणी बोललंच नाही. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत धुराची तपासणी अजून आहे, २४ वर्षांवरच्या गाड्या मात्र त्यातून सुटतात. पण तपासणी सुटली म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापायची मुभा मिळाली असं नव्हे, केंद्राचा क्लीन एअर ॲक्ट आहेच. आणि उद्या नोकरी कॅलिफोर्नियात लागली तर? तिथं बदललेलं इंजिन रेफरीपुढं (सरकारी तपासनीस) न्यावं लागतं. ते गाडीच्या सालातलं किंवा नंतरचं, तिथल्या प्रमाणपत्राचं आणि मूळ उत्सर्जन सामानासकट हवं. जपानी बाजाराचं जीटीई तिथं सहज बसत नाही. विमा कंपनीलाही आधी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी २१५ हॉर्सपावरच्या सेडानचे पैसे मिळतील.

ह्यूस्टनचा_डांबरट
काका, बोगद्याचं माप घेतो. निळा_धूर, कन्व्हर्टर ठेवणारच आहे, हाय-फ्लो. पेट्रोलाच्या वासाने भरलेली गाडी रोज कोण चालवणार? इंजेक्टर १००० चे घेईन, फ्लेक्स सेन्सरही लावेन, पण ट्यून आधी ९३ वर. टर्बो ३०७६ च्या मापाचा. आता एवढंच सांगा: टर्बाइन हाउसिंग (टर्बोचं एक्झॉस्टकडचं कवच) ०.६३ की ०.८२?

इंजेक्टरवाली
३ लिटरला ०.८२. ०.६३ लवकर उठेल, पण वर एक्झॉस्ट कोंडून धरेल. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात ती जास्तीची उष्णता नको.

तेलकट_हात
०.८२ च. पण मॅनिफोल्ड टी३ फ्लँजचा (टर्बो जोडायचं लहान तोंड) घेऊ नकोस, मोठ्या टी४ चा घे. पुढं मोठा टर्बो थेट बसतो.

ह्यूस्टनचा_डांबरट
म्हणूनच टी३ घेतोय.