जागतिक शासनव्यवहारावरील परिषदेसाठी तासगावच्या द्राक्षांवरचा प्रस्ताव: मार्गदर्शन हवे आहे

कृष्णाकाठ (सांगली):

नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि शिवाजी विद्यापीठात पीएच.डी.चे संशोधन करतो. तासगाव व मिरज तालुक्यांतील निर्यातक्षम द्राक्षबागा आणि कीडनाशकांच्या उर्वरित अंशांविषयीचे युरोपीय नियम यांचा संबंध हा माझा विषय आहे. परदेशात होणाऱ्या, ग्लोबल गव्हर्नन्स म्हणजे जागतिक शासनव्यवहार याच विषयावरच्या एका परिषदेने ३०० शब्दांचे प्रस्ताव मागवले आहेत. मी मसुदा तीनदा लिहिला आणि तीनही वेळा तो कृषी खात्याच्या अहवालासारखा झाला. मागील वर्षी दुसऱ्या एका परिषदेने माझा प्रस्ताव ‘विषय कक्षेत बसत नाही’ एवढ्या एकाच ओळीत परत पाठवला होता, त्यामुळे मनात धास्ती आहे.

एका जिल्ह्यापुरता विषय अशा परिषदेत चालतो का? एकट्याचा शोधनिबंध पाठवावा की चार-पाच जणांनी मिळून परिसंवादाचा प्रस्ताव द्यावा? २२ बागायतदारांच्या मुलाखती झाल्या आहेत, परंतु विश्लेषण अपुरे आहे. अशा वेळी निष्कर्ष कोणत्या शब्दांत मांडावेत?

अजिंक्यतारा (सातारा):

मी निवृत्त प्राध्यापक असून काही वर्षे असे प्रस्ताव तपासण्याचे काम केले आहे. आपला विषय कक्षेत पूर्णपणे बसतो. आपण सुरुवात तालुक्यापासून करत असाल आणि जागतिक व्यापार संघटना शेवटच्या ओळीत येत असेल, तर मात्र तपासणाऱ्याला तो शेतीचा निबंध वाटणार. त्याच्यासमोर प्रस्तावांचा ढीग असतो आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांत त्याला वाद कशाचा आहे हे कळावे लागते.

जगाला सरकार नाही, तरी जगाचे नियम आहेत; ते कोण करतो आणि कोणाला उत्तरदायी असतो, हा या अभ्यासशाखेचा गाभा आहे. द्राक्षाच्या एका पेटीवर असे किती नियमकर्ते एकत्र येतात ते पाहा. जागतिक व्यापार संघटनेचा आरोग्य व वनस्पती-आरोग्यविषयक उपायांचा करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारांनी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाची, मानके आधार म्हणून घ्यावीत आणि त्याहून कडक नियम केल्यास त्याचे शास्त्रीय समर्थन द्यावे, अशी अपेक्षा आहे. युरोपीय संघाचा २००५ चा ३९६ क्रमांकाचा नियम, ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लावतो. त्यावर पुन्हा युरोपातील मोठ्या दुकानसाखळ्यांच्या स्वतःच्या अटी असतात. १९९७ मध्ये युरेपगॅप या नावाने सुरू झालेले आणि २००७ पासून ग्लोबलगॅप म्हणून ओळखले जाणारे चांगल्या शेतीपद्धतींचे प्रमाणपत्र अशाच खासगी नियमांतून आले आहे.

माझ्या मते आपला प्रश्न इथे आहे. एखाद्या सरकारने जाचक नियम केला, तर दिल्ली जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या मुख्यालयी, हरकत घेऊ शकते. दुकानदाराने केला, तर बागायतदाराने कोणाकडे जावे? २००५ मध्ये सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स या छोट्या केळी-निर्यातदार देशाने त्या कराराच्या समितीत हाच मुद्दा काढला. त्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली, तरीही खासगी मानके त्या कराराच्या कक्षेत येतात की नाहीत याचा सर्वमान्य निर्णय झालेला नाही. सेंट व्हिन्सेंटची केळी आणि तासगावची द्राक्षे एकाच वाक्यात आणा, म्हणजे ‘स्थानिक’ हा आक्षेप उरणार नाही.

येरळाकाठ (विटा):

सरांचे म्हणणे मला पटते, मात्र एका गोष्टीची भर घालतो, कारण मी नेमकी उलट चूक केली होती. साखरेच्या वादावर मी प्रस्ताव पाठवला होता. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा मंडळाने एफआरपीसह (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) उसाला मिळणारा आधार मर्यादेबाहेर ठरवला. त्यावर भारताने अपील केले, आणि संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प असल्यामुळे प्रकरण लटकले. हे सर्व मी नीटनेटके लिहिले. प्रस्ताव नाकारताना अभिप्राय आला की हा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे, यात आपले स्वतःचे काय?

म्हणून २२ मुलाखती शेवटच्या ओळीत ढकलू नका. फळछाटणीपासून काढणीपर्यंत कोणते औषध कधी थांबवायचे, हे बागायतदाराला कोण सांगतो? कृषी सहायक, निर्यातदाराचा माणूस की औषधाचा दुकानदार? जिनिव्हात बसलेल्या अभ्यासकाला ही माहिती अन्य कोणाकडून मिळणार नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हा आपल्याकडील तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. त्या हंगामाच्या आठवणी आपल्या मुलाखतींत असतील, तर त्यांना प्रस्तावात जागा द्या.

वारणाकाठची अभ्यासक (वाळवा):

व्यवहाराच्या बाजूचे थोडे सांगते. परिसंवादासाठी सहकारी, अध्यक्ष आणि भाष्यकार आधीच जमवावे लागतात. ते नसतील, तर एकट्याचा निबंध पाठवा. आयोजक मिळत्याजुळत्या विषयांचे निबंध स्वतःच एका सत्रात बसवतात. ही जुळवणी शीर्षक व गोषवाऱ्यावरून होते, म्हणून शीर्षकात ‘खासगी मानके’ हे शब्द हवेतच.

अंतिम मुदतीपुढे ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ (पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत) असे लिहिले असेल, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत वेळ असतो. तरीही त्या सायंकाळची वाट पाहू नये, ही कळकळीची विनंती. आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) प्रवास अनुदानाच्या अर्जाला स्वीकृतिपत्र लागते आणि व्हिसाचे काम त्यापुढे असते. दोन दिवसांत स्वीकृती कळवून लगेच शुल्क मागणाऱ्या परिषदांपासून मात्र दूर राहावे.

कृष्णाकाठ (सांगली):

सर, ताई आणि विट्याचे मित्र, मनापासून आभार. काल रात्री पुन्हा लिहायला बसलो. सुरुवात आता अशी आहे: ‘सरकारी नियमाविरुद्ध दाद मागता येते, परंतु खासगी मानकाविरुद्ध दाद कोणाकडे मागावी हे ठरलेले नाही. या पोकळीत नियमाचा अर्थ प्रत्यक्षात कोण लावतो, हे मी तासगाव व मिरज तालुक्यांतील २२ द्राक्ष बागायतदारांच्या मुलाखतींच्या आधारे तपासतो.’ निष्कर्षाच्या जागी ‘प्राथमिक वाचनातून असे दिसते की हा अर्थ बहुतांशी निर्यातदाराचा प्रतिनिधी लावतो’ असे लिहिले आहे. हे प्रामाणिकपणाला धरून आहे ना?

अजिंक्यतारा (सातारा):

आहे. ‘प्राथमिक’ हा शब्द राहू द्या. अपुरे विश्लेषण कोणी दोष मानत नाही, पुराव्यापलीकडचा दावा मात्र लगेच उघडा पडतो. ‘बहुतांशी’ म्हणजे २२ पैकी किती, तो आकडा मात्र घाला. मुलाखती कोणत्या हंगामात घेतल्या, तेही एका वाक्यात सांगा. काढणी सुरू असताना मिळालेले उत्तर आणि खरडछाटणीनंतर निवांतपणे मिळालेले उत्तर यांत फरक पडतो.