टेरेसर ब्लेडनं वस्तीचा रस्ता ओढतोय, पण लाटा पडतायत. लिफ्टचा कोणता दांडा वापरायचा?

वस्तीवरचा (ता. नेवासा)

रामराम मंडळी. गावातून आमच्या वस्तीवर यायला ७०० मीटरचा कच्चा रस्ता आहे. सगळं काळं रान. तीन वर्षांपूर्वी पाच घरांनी वर्गणी काढून मुरूम टाकला होता. यंदा उसाच्या डबल ट्रॉल्यांनी त्याची पार वाट लावली. चाकोऱ्या एवढ्या खोल की मोटारसायकलचं फूटरेस्ट मातीला घासतं.

दरवर्षी जेसीबीला पैसे मोजण्यापेक्षा एक जुनं ६ फुटी टेरेसर ब्लेड घेतलं, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं लावून माती ओढायचं पातं. ट्रॅक्टर ४५ एचपी, लिफ्टला (अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकला) दोन दांडे, पोझिशन आणि ड्राफ्ट. पलटी नांगराला मी कायम ड्राफ्ट वापरतो आणि नांगरट एकसारखी होते. म्हणून रस्त्यालाही तोच लावला. झालं काय, तर पाच-सहा फुटांवर एकेक लाट. कौलारू घराच्या छपरावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं. दुधाचं कॅन डेअरीवर पोहोचेपर्यंत निम्मं लोणी निघेल.

मग पोझिशनवर घेतलं. बारक्या लाटा गेल्या, पण मोठ्या आल्या. तीन दिवस झाले, आणि डिझेल किती गेलं ते घरात सांगितलेलं नाही. वडील म्हणतात, बैलं होती तेव्हा फळी मारायचो, ती बरी होती. ब्लेड चुकीचं घेतलं की मीच चुकतोय?

लिफ्टवाला

आधी लिफ्टच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या बघा. नांगराला त्या थोड्या ढिल्या चालतात, ब्लेडला नाही. ब्लेड डावी-उजवीकडं झुलत असेल तर पुढचं सगळं बोलणं वाया. लोअर लिंकच्या (अवजार धरणाऱ्या खालच्या दोन हातांच्या) पिनाही बघा. तुमच्या ब्लेडला २२ मिलिमीटरची पिन असणार आणि लिंकचं भोक २८ चं असेल, तर मधे बुश (नळीसारखी कडी) टाकावा लागतो. जुन्या अवजारात तो बुश हमखास हरवलेला असतो आणि मग ब्लेड खडखडत चालतं.

दुसरं, टॉप लिंक (वरचा मधला जोड) काढून तिथं साखळी लावा. ब्लेड जमिनीवर मोकळं लोळतं, लाटा कमी पडतात.

ग्रेडरवाला

मी साखर कारखान्याच्या रस्ते विभागात १९ वर्षं मोटर ग्रेडर (रस्ता सारखा करायचं लांब यंत्र) चालवला. आता गुडघे गेले, म्हणून फोनवर बोटं चालवतो. जरा लांबण लागेल, कारण दांडा कुठला एवढ्यावर हे भागत नाही.

तुम्ही चुकलात, पण ज्या कारणानं नांगरट चांगली होते त्याच कारणानं चुकलात. ड्राफ्टचा दांडा खोली बघत नाही, ओढ बघतो. अवजाराला जोर लागला की टॉप लिंक पुढं ढकलली जाते, तिच्यामागची स्प्रिंग दबते, आणि लिफ्टला वाटतं नांगर फार खोल गेला, उचला. ओढ कमी झाली की सोडा. रानात हे बरोबर आहे, इंजिनावर भार एकसारखा राहतो. (मोठ्या ट्रॅक्टरला हाच इशारा लोअर लिंकमधून जातो, परिणाम तोच.) रस्त्यावर काय होतं? कडक उंचवटा आला, ओढ वाढली, ब्लेड उचललं. भुसभुशीत खळगा आला, ओढ कमी झाली, ब्लेड खाली गेलं. म्हणजे जिथं कापायचं तिथं उचलतंय आणि जिथं भरायचं तिथं खणतंय! तुमच्या लिफ्टचं कामच ते, तिला काय बोलणार. तेव्हा रस्त्यावर ड्राफ्ट नको. तो दांडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितलेल्या जागी ठेवून द्या.

आता पोझिशन. इथं ब्लेड एका उंचीवर धरलं जातं, पण कशाच्या मानानं? ट्रॅक्टरच्या. ट्रॅक्टर स्वतःच खळग्यात उतरतोय आणि उंचवट्यावर चढतोय. पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण साडेसहा फूट अंतर धरा, आणि ब्लेड मागच्या चाकाच्या तीन-साडेतीन फूट मागं. पुढची चाकं ६ इंच चढली की मागचं ब्लेड ३ इंच खाली उतरतं. थोडं पुढं गेलं, मागची चाकं त्याच उंचवट्यावर चढली, की ब्लेड ९ इंच वर. एका उंचवट्यातून तुम्ही मागं एक खड्डा आणि एक ढीग तयार केला. पुढच्या फेरीत चाकं त्याच ढिगावर चढणार. ग्रेडरचं पातं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे असतं, म्हणून पुढचं चाक ६ इंच हललं तरी पातं जेमतेम ३ इंच हलतं, आणि हलतं तेही त्याच दिशेनं. कसब माझ्या हातात होतं असं मुकादम म्हणायचा. अर्धं त्या यंत्राच्या लांबीत होतं.

म्हणून ट्रॅक्टरवर आधी उंचवटेच मोडायचे. नऊफणी कल्टिव्हेटर लावा आणि सगळ्यात खोल खळग्याच्या तळापर्यंत रस्ता उकरा. लोक इथंच कंटाळा करतात. वरवर माती ओढून खळगा भरला की त्याचा जुना कडक तळ तसाच राहतो, नवी माती त्याला धरत नाही, आणि पहिल्या पावसात चाकानं तेवढीच चकती उडते. उकरायला वाफसा हवा. मुठीत माती दाबली की गोळा व्हावा, बोटानं टिचकी मारली की फुटावा. आत्ता कोरडं असेल तर दोन टँकर पाणी मारून रात्रभर थांबा. काळी माती ओली असताना ब्लेड लावलंत तर ती ब्लेडलाच चिकटेल, रस्त्यावर राहणार नाही.

मग ब्लेड तिरकं करा. सरळ आडवं ठेवू नका, ढीग साठतो आणि सांडतो. तिरक्या ब्लेडवरून माती कडेकडेनं लोळत जाते. उजव्या लिफ्ट रॉडची हँडल फिरवून एक टोक थोडं खाली घ्या. कडेकडून मध्याकडं माती आणा, एक फेरी जाताना या अंगानं, एक येताना त्या अंगानं. गिअर लो पहिला किंवा दुसरा, माणूस चालतो त्या वेगानं. घाई केली की ब्लेड उड्या मारतं.

टॉप लिंक लांब केली की ब्लेडचा वरचा काठ मागं कलतो आणि खालची धार खुरप्यासारखी कापते. आखूड केली की वरचा काठ पुढं येतो, धार कापायची थांबते आणि माती पसरत जाते. सुरुवातीला लांब, शेवटी आखूड. अर्धा-अर्धा वेढा फिरवून बघा, एकदम पाच वेढे नको.

शेवटच्या दोन फेऱ्या ब्लेड उलटं फिरवून, पाठ पुढं करून, पोझिशनचा दांडा पूर्ण खाली सोडून. लिफ्ट मोकळी, ब्लेड आपल्या वजनावर. आपली लिफ्ट फक्त उचलते, दाबत नाही, त्यामुळं हलकं ब्लेड वर तरंगतं. वाळूची दोन पोती बांधा. वडिलांची फळी ती हीच. ते बरोबर बोलत होते असं त्यांना सांगायचं की नाही, तुम्ही बघा.

आणि रस्ता सपाट करू नका. १० फुटी रस्ता असेल तर मध्य कडेपेक्षा ३ इंच वर हवा, दोन्हीकडं ढाळ. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन मोजा, डोळ्यावर जाऊ नका. कडेला चर नसेल तर हे सगळं करून उपयोग नाही, पाणी पुन्हा चाकोरीतूनच वाहील.

साखळीबद्दल लिफ्टवाल्यांशी माझं जमणार नाही. पुढं जाताना ठीक आहे. मागं घेताना ब्लेड अडकलं की साखळी ढिली पडते आणि अवजार दुमडून ड्रायव्हरच्या पाठीवर येऊ शकतं. लावलीच, तर रिव्हर्सला ब्लेड उचलल्याशिवाय गिअर टाकायचा नाही.

लिफ्टवाला

मान्य. रिव्हर्सचं मी लिहायला हवं होतं.

आंबा_बाग (रत्नागिरी)

वरचं सगळं पटलं, फक्त आमच्याकडे गणित थोडं वेगळं. आमची वाट जांभ्यातून चढावाची, आणि पाऊस तुमच्या नेवाशाच्या पाचपट-सहापट. मधला उंचवटा चढावावर पुरत नाही, पाणी कडेला जाण्याआधी वाटेनंच खाली धावतं. म्हणून आम्ही ठरावीक अंतरावर वाटेला तिरका, बुटका वरंबा काढतो, गाडी चढेल एवढाच. त्यावरून पाणी उताराच्या अंगाला बाहेर पडतं. ब्लेडचं एक टोक खाली करून दोन फेऱ्यांत होतो.

चढावावर ब्लेड लावून ओढायला जाऊ नका. मी एकदा गेले होते. मागं भार आणि चढ, पुढची चाकं हलकी झाली आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरलं. आता माती उतारानंच ओढते आणि रिकामं ब्लेड उचलून वर येते.

मोजणीवाला

रस्ता रुंद करायच्या मोहात ब्लेडनं बांध कोरू नका. शेजाऱ्याच्या हद्दीतलं एक फूटही गेलं तर दुधाचं कॅन राहील बाजूला आणि तहसीलच्या फेऱ्या सुरू. रस्ता कुणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, आणि नवीन रस्ता बांधावरून मागायचा तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, दोन्ही तहसीलदाराकडंच. आधी गाव नकाशा काढून बघा तुमचा रस्ता त्यात दाखवलाय का.

वस्तीवरचा (ता. नेवासा)

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगतो.

साखळ्या आवळल्या. बुश खरंच नव्हता, दोन्हीकडचा. टँकरनं पाणी मारून दुसऱ्या दिवशी नऊफणी घातली आणि शंभर मीटरवर फाट्‌कन आवाज. ठिबकची पीव्हीसी पाइपलाइन रस्त्याखालून जाते हे मला माहीत होतं, पण ती फक्त सहा इंच खाली आहे हे माहीत नव्हतं. ज्यानं पुरली तो मीच. अर्धा दिवस त्यात गेला.

बाकी काम जमलं. तिरकं ब्लेड, लो दुसरा, पोझिशन. लाटा जवळजवळ गेल्या. शेवटची फेरी पोती बांधून उलट्या ब्लेडनं मारली तेव्हा वडील बांधावर उभे होते. काही बोलले नाहीत, पण हसत होते. पाण्याच्या नळीनं मोजलं, बऱ्याच ठिकाणी अडीच ते तीन इंच आलंय. शेवटचे दीडशे मीटर शेजाऱ्याचा बांध रस्त्याला चिकटून आहे, तिथं एका बाजूला चर काढायला जागाच नाही. तिथं काय करू?

ग्रेडरवाला

तेवढ्या तुकड्यात मध्य उंच करू नका. सगळा रस्ता एकाच अंगाला ढाळा, चर असलेल्या बाजूला. ढाळ तोच, फक्त एकतर्फी, म्हणजे १० फुटांत सहा इंच. भरलेली ट्रॉली तिथं सावकाश न्यायला सांगा. पाइप किमान दीड फूट खाली घ्या आणि त्यावर लोखंडी पाइपचं कव्हर घाला, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तीच फण तिथंच लागेल.

आणि पहिला वळीव पडेल तेव्हा घरात बसू नका. छत्री घेऊन रस्त्यावर चाला, जिथं पाणी थांबलेलं दिसेल तिथं कडेला खुंटी मारा. वाफसा आला की फक्त तेवढंच ओढायचं.

वस्तीवरचा (ता. नेवासा)

काल संध्याकाळी वळीव झाला. सात खुंट्या. त्यातल्या चार पाइपलाइनच्या आसपास.