मदत हवी आहे : फर्नेसचा पाइप सारखा बर्फाखाली जातोय

नमस्कार मंडळी. आम्ही न्यूयॉर्क राज्यात टग हिल भागातल्या एका खेड्यात राहतो, ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला. आमचा इथला पहिलाच हिवाळा. सरोवर खोल, सहसा पूर्ण गोठत नाही. त्यावरून गार वारा आला की बाष्प उचलतो आणि चढावर येऊन सगळा बर्फ आमच्या डोक्यावर ओततो. फेब्रुवारी २००७ मध्ये जवळच्या रेडफिल्डला एकाच वादळात १४१ इंच पडला होता, हे ऐकलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. आता वाटतं.

काल रात्री फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र) दोनदा बंद पडलं. बाहेर जाऊन पाहिलं, तर त्याचा धूर बाहेर सोडणारा, भिंतीतून निघणारा पांढरा पाइप पार गाडला गेलेला. हातांनी उकरला, तोंडाशी बर्फाचं कडक कडं जमलं होतं. सासूबाई साताऱ्याहून आल्यात आणि त्यांचा पलंग नेमका त्याच भिंतीला. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म आहे, वाजला नाही, तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पाइप उंच करून देणारा माणूस वादळ ओसरल्यावरच येईल. तोवर प्लायवूडचा आडोसा लावावा का, की धूर उलटा आत येईल? तुम्ही रात्री दर किती तासांनी उकरता?

आणि छताचं काय? तीन फुटांहून जास्त थर आहे. लांब दांड्याच्या रेकने खालून ओढला तर एकाच बाजूचा उतरतो. असं एकीकडे वजन राहिलेलं चालतं का? बफेलोच्या दक्षिणेला किंवा मिशिगनमध्ये राहून असाच सरोवराचा बर्फ झेलणाऱ्यांनी कृपया लवकर सांगा, आज रात्री पुन्हा बर्फाच्या ढगांचा पट्टा आमच्याकडेच सरकतोय.