सिझेरियनला पाच महिने, हिमोग्लोबिन ९.८: तांबी, अंतरा की छाया?

सातारकर_आई

वय २८, वजन ५४ किलो, बीपी १२०/७८. पहिलं बाळ पाच महिन्यांचं, सिझेरियन. अंगावर पाजते, पण तीन आठवड्यांपासून रात्री एकदा वरचं दूध देतोय. पाळी अजून आलेली नाही. मागच्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.८ आलं. गरोदरपणाआधी पाळी चार दिवस, दिवसाला तीन पॅड. पीसीओडी (बीजांडकोशात गाठी, पाळी अनियमित) नाही, कावीळ झालेली नाही. वर्षातून तीन-चारदा अर्धशिशी उठते, आणि डोकं दुखायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेघा दिसतात.

दुसरं मूल हवंय, पण हे बाळ तीन वर्षांचं झाल्यावर. सध्या निरोध वापरतो, दर वेळी न चुकता.

विचारायचं असं: रक्त कमी असताना तांबी (कॉपर-टी) बसवावी का? अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनाने दूध आटतं का आणि बंद केल्यावर दिवस राहायला किती वेळ लागतो? छाया या गर्भनिरोधक गोळीचं वेळापत्रक कुणी नीट सांगेल का? आणि घरी सगळे म्हणतात की अंगावर पाजतेस, पाळी नाही, तोवर काही करायची गरज नाही. हे खरं आहे का?

स्त्रीरोग_ओपीडी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथे होते. अंगावर पाजण्याने दिवस राहत नाहीत हे खरं आहे, पण तीन गोष्टी एकाच वेळी असतील तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरं काही नाही. पाजणं दिवसा आणि रात्रीही व्हायला हवं. तुमच्याकडे रात्रीचं वरचं दूध सुरू झालं, म्हणजे तिसरी अट मोडली. रात्रीचं पाजणं कमी झालं की प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) खाली येतं आणि बीजांडकोश जागे होतात. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. म्हणून पाळी न येताच दिवस गेले असं होऊ शकतं. निरोध चालू ठेवलात हे बरं केलंत.

आता काय घ्यायचं नाही ते. माला-एन, माला-डी किंवा दुकानात मिळणाऱ्या इस्ट्रोजेन हार्मोन असलेल्या बाकीच्या गर्भनिरोधक गोळ्या तुमच्यासाठी नाहीत. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईला त्या देत नाहीत हे एक कारण. पण मोठं कारण त्या चकाकत्या रेघा आहे. डोकेदुखीआधी अशा रेघा, आंधळे ठिपके किंवा हाताला मुंग्या येत असतील तर इस्ट्रोजेनमुळे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. बाळ मोठं झालं तरी हा नियम बदलत नाही. पुढे कुठल्याही दवाखान्यात गोळी लिहून दिली तर ‘अर्धशिशी आहे’ एवढंच सांगू नका, रेघांचं आवर्जून सांगा. ‘डोकं दुखतं’ म्हटलं की पित्ताची गोळी मिळते आणि खरी गोष्ट निसटते.

तांबी. ९.८ हिमोग्लोबिन म्हणजे तांबीला मनाई नाही. अडचण अशी की तांब्याच्या तांबीने पाळीत रक्त जास्त जातं आणि कळा येतात, विशेषतः पहिले तीन ते सहा महिने. आधीच पाळी जड असलेल्या बाईला ९.८ वर मी तांबी बसवायला सांगणार नाही. तुमची पाळी मात्र मध्यम होती, चार दिवस आणि तीन पॅड. शिवाय सध्या पाळीच नाही, म्हणजे रक्त जायचं थांबलेलं आहे. रक्त भरून काढायला हीच वेळ. लोहाच्या गोळ्या आत्ता नीट घेतल्या तर पाळी सुरू होईपर्यंत तुम्ही ११च्या पुढे जाऊ शकता.

सरकारी दवाखान्यात दोन प्रकारची तांबी मिळते: ३८०-ए, जी १० वर्षं चालते, आणि ३७५, जी ५ वर्षं. तुमचं अंतर अडीच-तीन वर्षांचं, त्यामुळे कुठलीही चालेल. काढली की त्याच महिन्यापासून दिवस राहू शकतात, अंतरासारखं थांबावं लागत नाही. शंभर बायकांनी तांबी बसवली तर पहिल्या वर्षात एकीलाही जेमतेम दिवस जातात. निरोध रोजच्या वापरात जसा वापरला जातो तसा धरला तर हाच आकडा १३च्या आसपास आहे. इतका फरक पडतो.

बसवताना काय होतं तेही सांगतो, म्हणजे धास्ती कमी होईल. आधी हाताने तपासून पिशवी पुढे झुकली आहे की मागे ते पाहतात. मग पिशवीचं तोंड साफ करून एका सळईने आतली लांबी मोजतात. त्या मापावर निळी कडी लावून नळी आत सरकवतात आणि नळी मागे ओढली की तांबीचे हात आत उघडतात. शेवटी दोरा तीनेक सेंटिमीटर ठेवून कापतात. माप घेताना आणि तोंड धरताना कळ येते, मिनिटभराची. एक तास आधी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर घेतली तर नंतरच्या कळा सुसह्य होतात.

दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपणहून सांगा: सिझेरियन झालंय आणि अंगावर पाजताय. पाजत असताना पिशवी मऊ आणि आकाराने लहान असते, त्यामुळे बसवताना पिशवीला भोक पडण्याचा धोका थोडा वाढतो. तरीही तो हजारात मोजक्या बायकांपुरताच आहे. पण बसवणाऱ्याला माहीत असलं की हात हलका राहतो.

उपकेंद्र_नर्स

अंतरा आणि छायाबद्दल मी लिहिते.

ताई, अंतराने दूध आटत नाही. पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी देता येतं, तुम्ही ती वेळ केव्हाच ओलांडली. १५० मिलिग्रॅमची एक मिलीची कुपी असते, दर तीन महिन्यांनी एक. औषध तळाशी बसतं, म्हणून कुपी जोरात हलवून पांढरं दुधासारखं झालं की मगच सिरिंजमध्ये भरायचं असतं. तुमच्यासमोर हलवली नाही तर सांगा, संकोच करू नका. तळाशी राहिलं तर डोस कमी जातो. आणि टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही. चोळल्याने औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरत नाही. घरी गेल्यावर मायेने कुणीतरी चोळून देतं, तेवढं टाळा.

कार्डावर पुढची तारीख लिहून घ्या. तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत इंजेक्शन घेता येतं. त्याहून उशीर झाला तर आधी दिवस गेले नाहीत ना ते पाहतात.

आता खरं बोलायचं ते पाळीबद्दल. पहिल्या इंजेक्शननंतर मध्येच डाग पडणं, दहा-दहा दिवस थोडं थोडं अंगावरून जाणं हे होतंच. तिसऱ्या-चौथ्या इंजेक्शनपर्यंत बऱ्याच जणींची पाळी थांबते. ‘रक्त आत साठतं’ असं ऐकायला मिळतं, ते खोटं आहे. औषधामुळे पिशवीचं अस्तरच पातळ राहतं, बाहेर पडायला काही तयारच होत नाही. रक्त कमी असलेल्या बाईला हा फायदाच आहे. पण हे आधी सांगितलेलं नसलं की बायका घाबरतात, दुसरं इंजेक्शन घ्यायला येत नाहीत, आणि मग नको असताना दिवस जातात. हे फार होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण सांगायला पाच मिनिटं लागतात.

वजन काही जणींचं वाढतं. हाडांची घनता इंजेक्शन चालू असेपर्यंत थोडी कमी होते, बंद केल्यावर भरून येते. नाचणी, तीळ, दूध खाण्यात ठेवा.

तुमच्या हिशेबात महत्त्वाचं: शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. म्हणजे बाळ तीन वर्षांचं झाल्यावर लगेच प्रयत्न करायचा असेल तर शेवटचं इंजेक्शन दोन-सव्वादोन वर्षांच्या आसपास घ्यावं लागेल, आणि मधल्या काळात निरोध लागेल. रेघांच्या अर्धशिशीला अंतरा सुरू करता येतं. मात्र सुरू केल्यावर रेघा वाढल्या किंवा डोकेदुखी बदलली तर पुढचं घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

छाया. ३० मिलिग्रॅमची गोळी, हार्मोन नाही, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली. दुकानात सहेली नावाने मिळते तीच. दुधावर परिणाम नाही, इस्ट्रोजेन नसल्याने रेघांचाही प्रश्न नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी. पहिली गोळी रविवारी घेतली तर दुसरा वार बुधवार, सोमवारी घेतली तर गुरुवार, मंगळवारी घेतली तर शुक्रवार. असे तीन महिने. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच, पहिल्या गोळीच्या वारी. मध्ये पाळी आली तरी थांबायचं नाही, पाकीट संपलं तरी खंड पाडायचा नाही.

चूक होते ती नेमकी चौथ्या महिन्यात. दोनदाची सवय मोडते, एक वार विसरतो, मग पुढचाही. सात दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या, पुढची ठरल्या वारी, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांहून जास्त गेले तर पुन्हा पहिल्यापासून: तीन महिने आठवड्यातून दोनदा.

छायाने काही जणींची पाळी लांबते. पंधरा दिवसांच्या वर लांबली तर लघवीची तपासणी. पीसीओडी असेल, हल्ली कावीळ झालेली असेल, क्षयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही गोळी देत नाहीत.

सातारकर_आई

दोघांचेही आभार. मन तांबीकडे झुकतंय. पण पाळीच नाही, मग बसवायला कुठल्या दिवशी जायचं? पाळीच्या वेळीच बसवतात ना? आणि दोरा तपासायचा म्हणजे नक्की काय करायचं? तांबी वर चढते असं ऐकलंय, त्याची भीती वाटते. निरोध फाटला तर मधल्या काळात काय?

स्त्रीरोग_ओपीडी

पाळीची वाट पाहू नका. दिवस गेलेले नाहीत याची खात्री असेल तर कुठल्याही दिवशी बसवता येते. निरोध दर वेळी वापरलाय, तरी जाण्याआधी सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करून घ्या. ती ‘नाही’ आली आणि मधल्या तीन आठवड्यांत एकदाही निरोधाशिवाय संबंध आलेला नसेल तर पुरेसं आहे.

तांबी पोटात वर, छातीकडे वगैरे चढत नाही. पिशवी वरून बंद असते. भोक पडलं तरच ती पिशवीबाहेर जाते, आणि ते बहुतेक बसवतानाच होतं. जास्त वेळा होतं ते उलटं: तांबी खाली सरकून बाहेर पडते, तेही पहिल्या काही महिन्यांत, पाळीच्या दिवसांत. म्हणून दोरा पाहायचा. हात साबणाने धुवा, उकिडव्या बसा, मधलं बोट आत घाला. नाकाच्या शेंड्याइतकं टणक लागेल ते पिशवीचं तोंड, तिथे जाड धाग्यासारखा दोरा बोटाला लागतो. ओढायचा नाही. तो पूर्वीपेक्षा लांब लागला, किंवा काठीसारखं कडक प्लास्टिक टोचलं, तर तांबी सरकली. दोरा लागलाच नाही तर तो आत गुंडाळलेला असू शकतो. सोनोग्राफीत कळतं, तोवर निरोध.

तपासणीला एक महिन्याने किंवा पहिल्या पाळीनंतर या, मग तीन महिन्यांनी. थांबू नये अशी लक्षणं: ताप आणि ओटीपोटात दुखणं, घाण वासाचा पांढरा स्राव, तासाला पॅड भिजेल इतकं अंगावरून जाणं, आणि नंतर पाळी सुरू होऊन मग चुकणं. तांबी असताना दिवस राहणं क्वचित, पण राहिले तर गर्भ नळीत आहे का हे आधी पाहावं लागतं, म्हणून पाळी चुकली की त्याच आठवड्यात या.

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या चार-पाच महिन्यांत रक्त जास्त गेलं तर मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस. आम्लपित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी विचारा. सहा महिन्यांनंतरही पाळी जड राहिली आणि हिमोग्लोबिन उतरलं तर तांबी काढून दुसरं बघू, हट्टाने ठेवायची नाही.

औषधवाला_कराड

निरोध फाटल्याचा प्रश्न राहिला. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पाजणाऱ्या आईला चालते. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी. ही गोळी बीज सुटणं पुढे ढकलते, राहिलेला गर्भ पाडत नाही. महिन्यातून तीन-तीनदा हीच नेणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांना दर वेळी हेच सांगतो की नेहमीच्या साधनापेक्षा ही कमी भरवशाची आहे. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती या गोळीपेक्षा खात्रीची, आणि तुम्हाला तर ती बसवायचीच आहे.

लोहाच्या गोळीबद्दल. ९.८ वर साधारणपणे ६० मिलिग्रॅम लोह असलेल्या दोन गोळ्या रोज देतात, डॉक्टरांना विचारून ठरवा. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घेतली तर निम्मं वाया. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तास तरी ठेवा. लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने घ्या, पण सोडू नका.

क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने आणि फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनने तोंडी गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो. आणीबाणीच्या गोळीचाही. तांबी आणि अंतरावर असा परिणाम होत नाही. साध्या ॲमॉक्सिसिलिनने काही बिघडत नाही.

उपकेंद्र_नर्स

ताई, प्राथमिक आरोग्य केंद्रात तांबी फुकट बसवतात, पण रोज बसवणारी नर्स किंवा डॉक्टर असतीलच असं नाही. आधी आशाताईंना वार विचारून घ्या. जाताना सिझेरियनचा कागद, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणि एक पॅड घेऊन जा, दोन दिवस डाग पडतात. निघताना कार्डावर बसवल्याची तारीख, ३८०-ए की ३७५, आणि काढायचं वर्ष लिहून घ्या, आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गाव बदललं आणि कार्ड हरवलं की पाच वर्षांची की दहाची, हे नंतर तपासून सांगणं अवघड जातं.