दोष यकृतात, झीज मूत्रपिंडात
चयापचयाचे मूत्रपिंडविकार वेगळे आणि प्रतिकारशक्तीचे वेगळे, अशी वाटणी केली जाते; ती मला पटत नाही. प्रायमरी हायपरऑक्झॅलुरिया टाइप 1 हा दुर्मीळ आनुवंशिक आजार घ्या. बिघाड यकृतातल्या एका एन्झाइमचा. ऑक्झॅलेट हा टाकाऊ पदार्थ जास्त तयार होतो आणि मूत्रपिंडात कॅल्शियमबरोबर त्याचे स्फटिक बनतात. पण तेवढ्यावर भागत नाही. प्रतिकारपेशींना हे स्फटिक म्हणजे धोका वाटतो, त्यांच्यातला इन्फ्लमासोम (दाह सुरू करणारा प्रथिनांचा संच) जागा होतो, इंटरल्यूकिन-1 बीटा हे दाह वाढवणारं प्रथिन सुटतं आणि दाह धुमसत राहतो. नुसतं मूत्रपिंड बदललं तर यकृत नव्या मूत्रपिंडावरही तोच मारा करतं! 2020 मध्ये मान्यता मिळालेलं लुमासिरान हे औषध यकृतातच ऑक्झॅलेटची निर्मिती कमी करतं. काहींना साधं बी6 जीवनसत्त्वही लागू पडतं. ते जनुकातला बदल नेमका कोणता, यावर ठरतं.