नील बेटावर सहा जणांसाठी स्वयंपाकघरासकट घर: बुक करण्याआधी काय विचारावं?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानला जायचं ठरतंय. त्यातल्या पाच रात्री नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, काढायच्या आहेत. आम्ही सहा जण: आई, वडील, आम्ही दोघं आणि दोन मुलं. वडिलांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, जेवणाची वेळ पाळावी लागते. पाच दिवस हॉटेलचं जेवण त्यांना झेपणार नाही, म्हणून खोली न घेता स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यायचा विचार आहे. एक घर पाहून ठेवलंय. जाहिरातीत 'समोर समुद्र, पूर्ण किचन' एवढंच लिहिलंय.

विचारायचंय ते असं. घरमालकाला फोनवर नेमकं काय विचारू? इथून काय न्यावं आणि तिथे काय मिळतं? कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि खान्देशी मसाला विमानात नेता येतो का? आणि परतीच्या विमानाचं गणित कसं बसवावं? बोट चुकली तर सगळंच बिनसेल.

तापी_पूर्णा (मुक्ताईनगर)

ताई, समुद्र किती दिसतो हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी पाणी, मग गॅस.

लहान बेटावर नदी-धरण नसतं. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. खारं पाणी थोडं जड, म्हणून हे जमतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. उलट बाजूने पाहिलं तर मोटर लावून पातळी एक फूट खाली ओढली की खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी म्हणूनच चवीला मचूळ होतात. जानेवारीत पावसाळा नुकताच सरलेला असतो, त्यामुळे विहिरी त्यातल्या त्यात बऱ्या असतात. एप्रिलमध्ये हेच घर घेतलं तर वेगळा अनुभव येईल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून मालकाला विचारा: वापरायचं पाणी कुठलं, पिण्याचं कुठलं? फिल्टर असेल तर तो आरओ आहे का? कँडलचा फिल्टर किंवा यूव्ही जंतूंचं पाहतो, मीठ काढत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा छोटा मीटर खिशात मावतो, तो न्या. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात 500 ही चांगली मर्यादा धरलीय आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत. त्याच्या वर आकडा आला तर ते पाणी फक्त भांड्यांना. मात्र मीटर जंतू दाखवत नाही. पोवळ्याच्या सच्छिद्र जमिनीत शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर आकडा छान येऊनही पाणी दूषित असू शकतं, तेव्हा खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या.

सहा माणसांना पिण्याला रोज 18 लिटर आणि स्वयंपाकाला आठ-नऊ लिटर धरा. म्हणजे वीस लिटरचा जार एक दिवसही पुरत नाही. जार घरपोच येतो की आणायला जावं लागतं, हे आधीच ठरवा.

आता गॅस. घरगुती टाकीत भरलेली असेल तेव्हा 14.2 किलो गॅस असतो. एक बर्नर मोठ्या आचेवर तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम खातो. दोन बर्नर रोज दोन तास चालवले तर दिवसाला सहाशे ते आठशे ग्रॅम, म्हणजे पाच दिवसांत तीन ते चार किलो. टाकी ताब्यात घेताना रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर कोरलेलं असतं ते पाहा आणि साधा लटकवायचा काटा लावून गॅस किती आहे ते काढा. काटा नसेल तर टाकीवर कोमट पाणी ओता. जिथपर्यंत गॅस असतो तिथपर्यंत पत्रा गार राहतो, वरचा भाग कोमट लागतो. पाच किलोच्या छोट्या टाकीवर घर चालत असेल तर दुसरी भरलेली टाकी घरातच हवी. बेटावर गॅस जहाजाने येतो. समुद्र खवळला की तो अडकतो आणि मालकाचा नाइलाज होतो.

'पूर्ण किचन' या शब्दांवर विसंबू नका, ओट्याचा फोटो मागवा. कित्येक घरांत किचन म्हणजे एक इंडक्शन आणि एक किटली. इंडक्शन असेल तर सॉकेटचा जवळून फोटो घ्या. 2000 वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपियर ओढते, तिला 16 अँपियरचं मोठं सॉकेट लागतं. सहा अँपियरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर खुपसून चालवली तर पिन तापून वितळते. वीज डिझेल जनरेटरची, ती जाते-येते. वीज गेल्यावर पंप आणि फ्रीज कशावर चालतात, तेही विचारा. इन्सुलिनसाठी फ्रीज लागेलच.

शेवटी देखावा. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागून, बाजाराजवळ. लक्ष्मणपूर पश्चिमेकडे, तिथे सूर्यास्त दिसतो. सीतापूर पूर्वेला, सूर्योदयाचं, उघड्या समुद्राकडे तोंड असलेलं आणि वारा जास्त. किनाऱ्यालगत झाडांची पट्टी असते, म्हणून तळमजल्यावरून 'समोर समुद्र' बहुधा फांद्यांतून दिसतो. खिडकीतून काढलेला फोटो मागा, दारातून काढलेला नको. आई-वडील बरोबर असतील तर मी जेट्टी-बाजाराच्या बाजूचं घर सुचवेन. जार, भाजी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असणं हे त्या वयात देखाव्यापेक्षा महत्त्वाचं.

बामणोदची_वांगी (यावल)

सामानाचं मी सांगते. देशांतर्गत विमानात चेक-इनला माणशी साधारण 15 किलो मिळतात. खाण्याचं सामान सात किलोत बसवता येतं.

कळण्याचं पीठ तीन किलो. एका भाकरीला 80-85 ग्रॅम पीठ, सहा जणांना दोन-दोन म्हणजे एका वेळेला एक किलो, तेव्हा तीन वेळा भाकरी होईल. ज्वारी-उडीद निघायच्या आदल्या दिवशीच दळा. जुनं पीठ विरी जातं, मग भाकरी थापताना कडा फाटतात, आणि तिथल्या दमट हवेत ते लवकर होतं. तसं झालंच तर पाणी उकळून त्यात पीठ घाला, उकड काढून मळा, भाकरी जुळून येते.

शेवभाजीची तिखट शेव एक किलो, दोन वेळांसाठी. पाचशे-पाचशेच्या दोन सीलबंद पिशव्या करा. एकदा फोडलेली पिशवी त्या हवेत दुसऱ्या दिवशी मऊ पडते. काळा मसाला 300 ग्रॅम, तूरडाळ एक किलो, मूगडाळ अर्धा किलो, दाण्याचं कूट अर्धा किलो, लसणाची सुकी चटणी पाव किलो. एवढंच. तांदूळ, तेल, साखर, मीठ, चहा तिथेच घ्या.

मसाल्याबद्दल एक महत्त्वाचं: सुकं खोबरं विमानाच्या सामानात नेऊ देत नाहीत, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. म्हणून खोबऱ्याच्या वाट्या घेऊन जाऊ नका, घरूनच भाजून, वाटून मसाला तयार करून न्या. मसाला आणि तिखट चेक-इनमध्ये, हातातल्या बॅगेत नको, तिथून ते बहुतेक वेळा काढून ठेवायला लावतात. सुऱ्या-विळीही चेक-इनमध्ये. काडेपेटी आणि लायटर कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, उतरल्यावर विकत घ्या. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. गॅसची छोटी टाकी ना विमानात, ना रेल्वेत.

पाच लिटरचा स्वतःचा कुकर न्या, आणि रिकामा नेऊ नका, मसाल्याच्या पुड्या त्यातच भरा. तिथल्या घरातल्या कुकरची रिंग सैल निघाली तर त्या मापाची रिंग बेटावर मिळेलच असं नाही. कुकर स्टीलचा आणि इंडक्शनला चालणारा निवडा. ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही. लोखंडी तवा चालतो, पण बूड सपाट हवं, आपला खोलगट तवा शेगडीला टेकतच नाही.

पाणी जड असेल तर तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही घोटली जात नाही. डाळ जारच्या पाण्यात तासभर भिजवा आणि त्याच पाण्यात शिजवा. वरण-बट्टीला याचा सगळ्यात जास्त फरक पडतो.

भाजीची चिंता करू नका. नील हे अंदमानचं भाजीचं आगर म्हणूनच ओळखलं जातं, पालेभाजी, भोपळा, केळी तिथलीच. कांदा-बटाटा मात्र मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, म्हणून महाग, आणि जहाज लांबलं की दुकानं रिकामी. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) बोटीत चढण्याआधी दोन किलो कांदे घेऊन ठेवा. ताज्या दुधाचा भरवसा नाही, दूध पावडर ठेवा. कढीला दही लागेल, त्यासाठी पावडरीच्या दुधाला विरजण लावता येतं, पण दूध नेहमीपेक्षा घट्ट कालवा.

गिरणाकाठ

ताई, भाऊ, फार उपकार झाले. आणखी एक. आईला भरीत करायचंच आहे. वांगी इथून न्यावीत का? आणि किनाऱ्यावर लाकडं पेटवून भाजली तर चालेल का?

बामणोदची_वांगी

नेऊ शकता, दोन किलो पुरतील. आपली भरताची हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी तिथे मिळणार नाहीत. कागदात एक-एक गुंडाळा, प्लास्टिकमध्ये ती घामेजतात आणि देठाकडून सडतात. तिसऱ्या दिवसाच्या आत वापरा.

किनाऱ्यावर जाळ मात्र करू नका. तिथल्या रेतीत कासवं अंडी घालतात, आणि वाळलेला पाला वाऱ्यावर पेटत जातो. गॅसच्या आचेवर भाजा: वांग्याला तेलाचा हात लावा, दोन-तीन टोचे मारा, नाहीतर ते फुटून बर्नरची भोकं बुजतात. एक वांगं मध्यम आचेवर 12-15 मिनिटं. तुरकाठीचा वास येणार नाही, ते खरं. इंडक्शनवर हे जमतच नाही, म्हणून भरीत हवं असेल तर गॅसवालंच घर घ्या.

नवापूर_नाका

प्रवासाचं राहिलं, ते मी सांगतो.

चेन्नईमार्गे जायचं तर नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला जाते. कोलकात्याला जायचं तर भुसावळहून गीतांजली किंवा हावडा मेल. दोन्हीकडून पोर्ट ब्लेअरचं विमान सव्वादोन तासांच्या आसपास. गाडी उशिरा पोचू शकते, तेव्हा गाडी आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका.

पोर्ट ब्लेअरहून नील सुमारे 37 किलोमीटर. सरकारी बोटीला दोन तास, खासगी वेगवान बोटीला दीड तासाच्या आसपास. जानेवारी गर्दीचा महिना, म्हणून आधी बोटीची तिकिटं, मग घराची आगाऊ रक्कम. वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि पुढच्या बोटीत जागा मिळेलच असं नाही. यावर एकच उपाय आहे: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. नीलहून सकाळी निघून त्याच दुपारी विमान, असं गणित मांडूच नका. घरमालकाशीही ठरवून घ्या की बोट रद्द झाल्याने एक रात्र वाढली तर भाडं किती, आणि पोचायला एक दिवस उशीर झाला तर त्या रात्रीचे पैसे परत की नाही. हे लेखी, निदान व्हॉट्सॲपवर तरी हवं.

बोट लागणाऱ्यांना मधल्या भागात, मागच्या बाजूला बसवा, पुढचा भाग सर्वात जास्त उसळतो. गोळी बोटीत चढून नाही, निघण्याआधी अर्धा ते एक तास. वडिलांना कुठली चालेल ते डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चेक-इनमध्ये ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नसतं.

घड्याळाचंही लक्षात घ्या. घड्याळ आपलंच, पण बेट फार पूर्वेला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे पावणेसहाला सूर्य उगवतो आणि सव्वापाचला मावळतो, म्हणजे सूर्यास्त चाळीसगावपेक्षा तासभर आधी. साडेपाचनंतर अंधार. वडिलांचं जेवण साडेसहाला ठेवायचं तर भाजी-पाण्याची फेरी चारच्या आत उरका.

भरती-ओहोटी तिथीवर पाहा. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वात जास्त चढतं आणि सर्वात जास्त उतरतं, अष्टमीच्या सुमारास फरक कमी. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. लक्ष्मणपूरच्या बाजूची दगडी कमान ओहोटीतच गाठता येते. खडकांवर शेवाळ असतं, म्हणून पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. उलट भरतपूरला पोहायला भरतीच्या पाण्यात जा. ओहोटीत पोवळी उघडी पडतात, पाय कापतात आणि पोवळीही मोडतात. कोकणातलं भरतीचं गणित तिथे लागू होत नाही, पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक वापरा.

मुलांना आधीच सांगून ठेवा: पोवळ्याचा तुकडा किंवा शिंपला बॅगेत घालायचा नाही. पोवळी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासतात. खारफुटीच्या ओढ्यात पाय घालायचा नाही, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. वाळूतल्या बारीक माश्या सकाळ-संध्याकाळ चावतात. पायांना खोबरेल तेल चोपडलं की त्या बऱ्याच अंशी चिकटून राहतात, चावत नाहीत. खाजवू मात्र देऊ नका, त्याची जखम चिघळते.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून नेट सुधारलं, पण नीलवर ते अधूनमधून जातं आणि मग जारवाल्याला यूपीआय करता येत नाही. पाच दिवसांचं भाडं, जार आणि रिक्षा एवढी रक्कम सुट्या नोटांत ठेवा.

गिरणाकाठ

आताच मालकाशी बोलले. गॅस आहे, टाकी 14.2 किलोची आणि अर्धी भरलेली, दुसरी नाही. पिण्याला जार, तो घरपोच येतो. सॉकेटचा आणि खिडकीचा फोटो संध्याकाळी पाठवतो म्हणालेत. अर्धी टाकी पुरेल ना?

तापी_पूर्णा

अर्धी म्हणजे सात किलो, तुम्हाला चार लागतील. पुरेल. पण 'अर्धी' हे मालकाच्या अंदाजाने आहे, त्यामुळे पोचल्यावर चहा टाकायच्या आधी वजन करा, आणि चार किलोपेक्षा कमी भरली तर त्याच दिवशी बदलून मागा. उद्यावर टाकू नका.