देव मानत नाही, मग कठीण प्रसंगी काय करता?

हा प्रश्न मला लोकांनी इतक्यांदा विचारलाय, की आपण सगळ्यांनी मिळून उत्तर द्यावं असं वाटलं. देव आहे की नाही, हा वाद नको. नास्तिक म्हणून जगताना जे अनुभवलं तेवढंच लिहा. सुरुवात मी करतो.

आईची बायपास चालू होती. बाहेर सगळे हात जोडून बसलेले. "आज तरी प्रार्थना कर," मावशी म्हणाली. अमेरिकेत बायपासच्या १८०२ रुग्णांवर झालेला, २००६ साली छापून आलेला अभ्यास मला ठाऊक होता. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नव्हती. आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की माहीत होतं, त्यांच्यात तर ती थोडी जास्तच आढळली. पण ती वेळ हे सांगायची नव्हती. शुद्धीवर आल्यावर आई म्हणाली, "देवानं वाचवलं." मी तिचा हात धरून बसलो. मग रात्रपाळीच्या नर्सना शोधून त्यांचे आभार मानले.

*

देव लवकर सुटला, भीती सुटायला मात्र फार वर्षं गेली. मनात वाईट विचार आला की आता शिक्षा होणार असं वाटायचं. लहान मुलांना असं घाबरवू नये, एवढं कळकळीने सांगते.

*

शब्दाबद्दल थोडं. जुन्या परंपरेत वेद न मानणारा तो नास्तिक. म्हणून सांख्य आणि मीमांसा या दर्शनांचे ईश्वर न मानणारे अनुयायी आस्तिकांत मोजले गेले, बौद्ध-जैन नास्तिकांत. हे कळल्यापासून मी स्वतःला निरीश्वरवादी म्हणवतो.

*

आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा विचार. त्याने माझ्या मरणाची धास्ती गेली. धाकटा भाऊ गेला तेव्हा मात्र तो काडीचाही कामाला आला नाही. "देवाची इच्छा" म्हणणाऱ्यांचा राग यायचा. एक मैत्रीण रोज संध्याकाळी येऊन गप्प बसायची, तिने तारलं.

*

मुलीने विचारलं, "आजी आता कुठंय?" खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, "मला वाटतं, ती आता कुठेच नाही. आपल्याला आठवते तेवढी आहे."
बराच वेळ ती छताकडे बघत राहिली. "म्हणजे तिचे गुडघे आता दुखत नाहीत?"
"नाही," मी म्हणाले. मग ती झोपली.